डांग्या खोकल्याच्या लशीची हकीकत

डांग्या खोकला डोळ्यांनी पाहिलेल्या भगिनी आपल्या मंडळात आता थोड्याच उरल्या असतील. माझ्या सासूबाईंनी तो पाहिला आहे. त्यांच्या पाठची बहीण आठ महिन्यांची असताना ह्याच खोकल्याने गेली. त्या सांगतात, उबळ आली की मूल खोकतच राही, मध्ये श्वास घ्यायला उसंत नसे. तोंड आधी लाल, मग निळे पडे, आणि उबळ सरताना श्वास आत ओढला की घशातून आरवल्यासारखा लांब आवाज येई. पाठोपाठ उलटी, म्हणजे प्यायलेले दूधही अंगी लागायचे नाही. असे दोन-दोन, तीन-तीन महिने चाले. अगदी तान्ह्या मुलाला तर तो आवाजही पुष्कळदा येत नाही. त्याचा श्वासच थांबतो. ज्येष्ठमध झाले, अडुळसा झाला, दृष्ट काढून झाली, पण ज्याला जायचे ते गेले.

हा रोग मग गेला कुठे, असा प्रश्न मला पडला. माझी मुलगी परिचारिकेचे शिक्षण घेते. तिला विचारून विचारून मी जे टिपून घेतले ते येथे लिहीत आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, तेव्हा शास्त्रीय शब्द थोडे आणि हकीकत जास्त, हे वाचक भगिनींनी चालवून घ्यावे.

अमेरिकेत मिशिगन राज्यात ग्रँड रॅपिड्स नावाचे शहर आहे. लाकडी सामानाच्या कारखान्यांसाठी ते प्रसिद्ध होते. तेथे सरकारी आरोग्य खात्याच्या प्रयोगशाळेत पर्ल केंड्रिक आणि ग्रेस एल्डरिंग ह्या दोन बाया कामाला होत्या. दोघीही पूर्वी शाळेत शिकवीत असत, आणि दोघींनाही लहानपणी डांग्या खोकला होऊन गेलेला होता. दूध तपासा, पाणी तपासा, रोग्यांचे नमुने तपासा, असे त्यांचे रोजचे काम. १९३२ साली शहरात ह्या खोकल्याची साथ आली. त्या काळी अमेरिकेत दरवर्षी सुमारे ६,००० मुले ह्या रोगाने दगावत. लशी पूर्वीही निघाल्या होत्या, पण गुण येतो की नाही हे कुणालाच खात्रीने सांगता येत नव्हते. ह्या दोघींनी ठरवले की हे आपण बघू. पण कचेरीचे काम सुटल्यावर, स्वतःच्या वेळात.

दिवस महामंदीचे होते. कारखाने बंद, पुरुष घरी बसलेले. संध्याकाळी ह्या दोघी पेटी घेऊन दारोदार जात. काही घरांत विजेचा दिवाही नसे, रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात काम करावे लागे. खोकणाऱ्या मुलाच्या तोंडासमोर त्या एक काचेची पसरट थाळी धरीत. थाळीत बटाट्याचा अर्क, ग्लिसरीन आणि रक्त घालून थिजवलेला एक थर असे. थिजायला जे घालतात ते आगर म्हणजे आपला चायनाग्रासच की! ही कृती १९०६ साली बेल्जियममधल्या बोर्दे आणि झांगू ह्या शास्त्रज्ञांनी शोधलेली. मूल खोकले की तोंडातले तुषार थाळीवर पडत. थाळी उबेत ठेवली की काही दिवसांत त्यातले जंतू वाढून दिसू लागत. जंतू दिसले तर रोग खरा.

ह्या थाळ्यांमुळे आणखी एक गोष्ट कळली. मूल किती दिवस दुसऱ्याला रोग देऊ शकते ह्याबद्दल पूर्वी नुसते अंदाज चालत. ह्यांनी त्याच त्याच मुलाची थाळी आठवड्या-आठवड्याला घेऊन दाखवले, की साधारण पाच आठवड्यांत बहुतेकांची लागण संपते, खोकला पुढे चालू राहिला तरी. म्हणजे तेवढे दिवस मूल वेगळे ठेवले की पुरे. ज्या आईला चार पोरे एका खोलीत सांभाळायची असतात, तिला ह्या एका माहितीचे मोल विचारावे.

वाढवलेले जंतू मारून त्यांची लस केली. आधी ती दोघींनी स्वतःला टोचून घेतली. मग १९३४ साली मुलांना टोचायला सुरुवात केली.

आता खरी अडचण पुढेच होती. टोचलेल्या मुलाला खोकला झाला नाही, तर तो लशीमुळे झाला नाही की नशिबाने, हे कसे ओळखावे? नवे विरजण चांगले की नाही हे पाहायला आपण एकच दूध दोन भांड्यांत घेऊन ताडून बघतो, तसेच येथेही करावे लागते. त्याच वयाची, तशाच वस्तीतली, पण लस न घेतलेली मुले शहराच्या गरीब-मदतीच्या यादीतून निवडली आणि दोन्ही घरांवर सारखेच लक्ष ठेवले. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले साथीच्या रोगांचे मोठे प्राध्यापक वेड हॅम्प्टन फ्रॉस्ट हे काम पाहायला आले. येताना त्यांचा ह्यावर फारसा विश्वास नव्हता, पण पाहिल्यावर त्यांनी सुधारणा सुचवल्या आणि काम पुढे चालले. पैशाची ओढ होतीच. १९३६ साली केंड्रिकबाईंनी राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी एलेनॉर रूझवेल्ट ह्यांना बोलावले. त्या आल्या, सगळे नीट पाहिले, आणि त्यानंतर सरकारी योजनेतून मदतीला माणसे मिळाली.

१९३९ साली हिशेब छापला गेला. लस घेतलेल्या १,८१५ मुलांपैकी ५२ जणांना डांग्या खोकला झाला, न घेतलेल्या २,३९७ पैकी ३४८ जणांना. ह्या ३४८ मुलांचे मला वारंवार मनात येते. त्यांच्या आया दार उघडून परिचारिकेला आत घेत होत्या, मूल कसे आहे ते सांगत होत्या. त्यांनी दार लावून घेतले असते तर लस खरी की खोटी हे कधी कळले नसते. त्यांची नावे कुठे नाहीत.

पुढे १९४० च्या दशकात लोनी गॉर्डन नावाची तरुणी ह्या प्रयोगशाळेत आली. ती गृहविज्ञान आणि रसायनशास्त्र शिकलेली होती. रुग्णालयाच्या मुदपाकखान्यात आहारतज्ज्ञाचे काम तिला मिळेना, कारण ती काळ्या वर्णाची. गोरे आचारी तिच्या हाताखाली काम करणार नाहीत असे तिला सांगण्यात आले. त्या मुलीने हजारो थाळ्या तपासून अधिक जोरकस जंतूंचे वाण शोधले, त्यामुळे लस सुधारली. ज्या आचाऱ्यांच्या मर्जीसाठी तिला परत पाठवले, त्यांच्या नातवंडांनाही तीच लस टोचली गेली असेल!

त्याच दशकात घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात ह्या तिन्हींची मिळून एक टोचणी झाली. तीच आपली त्रिगुणी लस. आपल्या देशात १९७८ पासून ती सरकारी लसीकरणात आली. आता तीन रोगांत आणखी दोन मिळवून ती पाचांची झाली आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्येही ती तयार होते.

ह्या टोचणीने ताप येतो, मांडी सुजते, मूल रात्रभर किरकिरते. एक-दोन दिवसांत ते उतरते, पण घरातल्या माणसांचा धीर तेवढ्यात सुटतो. जपानात १९७५ साली लस टोचल्यानंतर दोन तान्ही मुले दगावली म्हणून टोचणी थांबवली. पुढे परत सुरू केली तरी लोक मुलांना नेईनात. १९७९ साली तेथे १३,००० हून अधिक जणांना डांग्या खोकला झाला आणि ४१ दगावले. मग १९८१ पासून जपान्यांनी कमी त्रासाची नवी लस वापरायला घेतली. म्हणजे त्रासाची तक्रार खोटी नव्हती, पण थांबण्याची किंमत मुलांनीच दिली.

आपल्याकडे सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यात ही टोचणी असते, मग दीड-दोन वर्षांच्या सुमारास आणि शेवटी पाच ते सहा वर्षांत. पहिल्या तापाला भिऊन दुसरी टोचणी बुडते, आणि पाचव्या वर्षाची तर शाळेच्या प्रवेशाच्या गडबडीत कुणाच्या ध्यानातच राहत नाही. ह्या लेखाच्या निमित्ताने मी आमच्या गल्लीत कार्डे पाहिली, तर तीन घरांत ती राहिलेली निघाली. सात वर्षांपर्यंत ती देता येते असे मुलगी म्हणाली. ती तिन्ही मुले येत्या बुधवारी दवाखान्यात जाणार आहेत.