गोष्ट लाळेची: रेडिएशन नेम धरायला कसं शिकलं

आजचा भाग थुंकीवर आहे. हसू नका. माझ्या मामांचा घशाचा कॅन्सर जुन्या पद्धतीच्या रेडिएशनने बरा झाला, पण तोंडातली लाळ गेली ती गेलीच. तेव्हापासून भाकरीच्या प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. हे टाळता आलं असतं का? त्यासाठी आधी १९२०च्या दशकातल्या पॅरिसला जाऊ.

तिथे क्लॉड रेगो मेंढ्यांवर प्रयोग करत होते. नसबंदी होईल एवढं रेडिएशन एकदम दिलं, की कातडी भाजायची. तेच थोडं थोडं करून काही दिवसांत दिलं, तर नसबंदी व्हायची आणि कातडीही बरीच वाचायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी हेच तत्त्व स्वरयंत्राच्या कॅन्सरला लावलं. आजही रोज थोडं थोडं, सहा-सात आठवडे रेडिएशन देतात, त्याचं मूळ इथे आहे.

पण लाळेचा प्रश्न तसाच राहिला. कानापुढची मोठी लाळग्रंथी किरणांच्या वाटेतच येते. दोन्ही बाजूंनी किरण सोडले, की गाठीबरोबर तीही होरपळते.

मग १९८२ साली स्वीडनमध्ये अँडर्स ब्रामे आणि सहकाऱ्यांनी प्रश्नच उलटा मांडला. तोवर आधी किरण ठरवायचे, मग कुठे किती डोस पडतो ते बघायचे. ब्रामे म्हणाले, आधी डोस ठरवा आणि किरण गणिताने मागे येत शोधा. आम्हा कोड लिहिणाऱ्यांना हे लगेच पटतं: आउटपुट ठरलंय, इनपुट काढा! पुढे कॉम्प्युटर आणि किरणांना हवा तसा आकार देणाऱ्या धातूच्या पट्ट्या आल्या, आणि त्यातून आयएमआरटी उभी राहिली.

ती खरंच लाळ वाचवते का? ब्रिटन-आयर्लंडमधल्या ‘पारस्पोर्ट’ चाचणीत ९४ रुग्ण होते. निकाल २०११ साली आला. वर्षभरानंतर तोंडाच्या कोरडेपणाचा ठळक त्रास जुन्या पद्धतीत ७४ टक्के रुग्णांना होता, आयएमआरटीत ३८ टक्क्यांना. जगण्याच्या प्रमाणात लक्षणीय फरक नव्हता. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये ६० रुग्णांवर झालेल्या चाचणीतही लाळग्रंथींचा त्रास कमी निघाला.

एक बग सुटला की दुसरा निघतो, तसं इथेही झालं. पारस्पोर्टमध्ये उपचारांच्या काळातला थकवा आयएमआरटीवाल्यांना जास्त आला. किरण नव्या वाटांनी जातात, म्हणजे आधी न सापडणाऱ्या भागांवरही थोडे पडतातच.

तर मामांच्या बाबतीत टाळता आलं असतं का? पूर्ण नाही, पण कदाचित बरंचसं. ते गाठ कुठे आहे यावरही अवलंबून असतं. म्हणून घरात कुणावर ही वेळ आलीच, तर उपचार सुरू होण्याआधी डॉक्टरांना एवढं जरूर विचारा: “लाळग्रंथी किती वाचवता येईल?” आणि दातांची तपासणीही आधीच करून घ्या, कारण लाळ कमी झाली की दात लवकर किडतात.

भेटू पुढच्या भागात!