उन्हाळा बुडाला ते वर्ष



वैशाखातल्या अशा संध्याकाळी थंड गेलेल्या एका उन्हाळ्याची हकीकत सांगू लागलो, तर तुम्हांला ती सुखवार्ताच वाटेल. परंतु युरोपातल्या शेतकऱ्याचा उन्हाळा म्हणजे आपल्याकडचा पावसाळा होय. गहू पिकायचा त्याच दिवसांत, द्राक्षे भरायची त्याच दिवसांत, गुरांच्या हिवाळ्याची बेगमी म्हणून गवत वाळवायचे तेही त्याच दिवसांत. आपण जसे ‘यंदा पाऊस बुडाला’ म्हणतो, तसा १८१६ साली तिकडे उन्हाळा बुडाला. इतिहासात त्या सालाला ‘उन्हाळ्यावाचूनचे वर्ष’ असेच नाव पडले आहे. ते एकच वर्ष निरनिराळ्या मुलखांत कसे गेले, हे आज शेजारी शेजारी ठेवून पाहावयाचे आहे.

या अरिष्टाचे मूळ फार दूर होते. आजच्या इंडोनेशियातील सुंबावा बेटावर तांबोरा नावाचा ज्वालामुखी आहे. एप्रिल १८१५ मध्ये तो जागा झाला. ५ तारखेचे आवाज जावा बेटापर्यंत ऐकू गेले. त्या वेळी जावा इंग्रजांच्या ताब्यात होते. तोफा डागल्या जात आहेत अशा समजुतीने तिथे सैन्य बाहेर पडले आणि संकटातल्या जहाजाच्या शोधासाठी होड्याही धाडण्यात आल्या. १० तारखेला मुख्य स्फोट झाला. सुमारे ४,३०० मीटर उंचीचा पर्वत २,८५० मीटरांवर आला. सुंबावा आणि शेजारचे लोंबोक या बेटांवर राखेखाली व नंतरच्या उपासमारीत दहा हजारांनी माणसे मेली. राख कालांतराने खाली बसली. परंतु गंधकाचे वायू ढगांच्याही वर गेले, त्यांचे सूक्ष्म कण झाले आणि ते पृथ्वीभोवती पसरून सूर्याच्या उष्णतेला अडवीत राहिले. ढगांच्या वर पाऊस नाही, म्हणून ते लवकर धुऊनही निघाले नाहीत.

आता अमेरिकेकडे वळू. ईशान्येकडील न्यू इंग्लंडमध्ये १८१६ च्या जून महिन्यात, ६ ते ८ तारखांच्या सुमारास, बर्फ पडले. पुढे जुलै आणि ऑगस्टमध्येही हिमकडाक्याच्या रात्री आल्या आणि मका करपला. ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट ही, की तिथे पाऊस फारसा नव्हता. थंडी होती ती कोरडी. आधीच कष्टी असलेल्या व्हरमाँटसारख्या प्रांतांतील कित्येक कुटुंबांनी बैलगाड्या जुंपल्या आणि ओहायो, इंडियानाची वाट धरली. पश्चिमेला मोकळी जमीन मिळेल ही आशा त्यांच्यापुढे होती. अर्थात त्या जमिनीचे मूळ धनी निराळे होते आणि त्यांना पुढे हटावे लागले, हेही विसरता कामा नये.

स्वित्झर्लंडात नेमके उलट घडले. उन्हाळ्याचे तपमान नेहमीपेक्षा २ ते ३ अंशांनी खाली गेले, आणि पाऊस थांबेना. गवत कुजले, गहू उभ्याचा उभा भिजला, द्राक्षे पिकलीच नाहीत. आपल्या भाषेत बोलायचे तर अमेरिकेत कोरडा दुष्काळ आणि इकडे ओला. जिनिव्हा सरोवराकाठी घरात कोंडून पडलेल्या इंग्रज पाहुण्यांनी भुताखेतांच्या गोष्टी रचल्या आणि त्यांतून मेरी शेलीची ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही कादंबरी जन्मली, हे पुष्कळांना ठाऊक असते. त्याच देशाच्या पूर्वभागात लोक गवत आणि पाला शिजवून खात होते, हे मात्र फारसे सांगितले जात नाही.

पूर्वभागातच एवढी उपासमार का? पाऊस तर पश्चिमेलाही पडला होता. सेंट गॅलन आणि आपेनझेल येथील पुष्कळ घरांची चूल सुतावर व मागावर चालत असे. युद्ध संपताच यंत्रावरचे इंग्रजी सूत आले आणि त्यांची मजुरी बसली. धान्य महागले त्याच वेळी हातात पैसा नव्हता. त्यात शेजारच्या प्रांतांनी आणि जर्मन संस्थानांनी आपापल्या हद्दीतून धान्य बाहेर जाऊ देण्यास मनाई केली. दोन दिवसांच्या वाटेवर धान्य असूनही ते आणता येईना.

याउलट रशियाच्या दक्षिणेकडील मुलखात या थंडीचा जाच झाला नाही. काळ्या समुद्रावरील ओडेसा बंदरातून पश्चिम युरोपकडे गव्हाची जहाजे निघाली आणि तेथल्या व्यापाऱ्यांची भरभराट झाली. झार अलेक्झांडरने पूर्व स्वित्झर्लंडच्या उपाशी लोकांसाठी एक लाख रूबल पाठविले. त्याची बहीण कॅथरिन ही व्युर्टेंबर्गची राणी होती. तेथील राजाराणीने दुष्काळाचा धडा घेऊन १८१८ साली होहेनहाइम येथे शेतकीचे विद्यालय काढले. ते विद्यापीठरूपाने आजही चालू आहे. आशियात चीनच्या युन्नान प्रांतात मात्र थंडीने भाताची पिके लागोपाठ गेली. भुकेपायी आईबाप मुले विकीत असल्याचे चित्र ली युयांग या कवीने रेखाटले आहे.

आपल्याकडे काय घडले, असे तुम्ही साहजिकच विचाराल. १८१७ मध्ये बंगालमध्ये पटकीची भयंकर साथ उसळली. त्या नोव्हेंबरात पेंढाऱ्यांवर निघालेल्या लॉर्ड हेस्टिंग्जच्या छावणीत तिने हाहाकार केला, आणि १८१८ मध्ये, पेशवाई बुडाली त्याच वर्षी, ती मुंबईपर्यंत पोहोचली. बिघडलेल्या पावसामुळे ही साथ बळावली असे काही इतिहासकार मानतात. परंतु हा संबंध वादग्रस्त आहे आणि तो सिद्ध झाल्यासारखा सांगणे योग्य होणार नाही.

त्या वर्षी कोणालाच खरे कारण ठाऊक नव्हते. धूसर सूर्यबिंबावरचे डाग नुसत्या डोळ्यांनी दिसत, म्हणून लोक सूर्यालाच दोष देत. प्रत्येक गाव आपल्यावरचे आभाळ पाहत होते. सर्वांची आभाळे एकत्र मांडावी असे सुचले ते ब्रांडेस या जर्मन पंडिताला. ठिकठिकाणच्या नोंदी एका नकाशावर मांडाव्यात, ही सूचना त्याने त्याच १८१६ च्या अखेरीस केली. तांबोराशी या थंडीचा धागा जुळण्यास मात्र विसावे शतक उजाडावे लागले.

श्रोतेहो, सूर्य झाकोळला त्यावर माणसाचा इलाज नव्हता. परंतु न्यू इंग्लंडच्या शेतकऱ्याला वाट मोकळी होती, ओडेसाच्या कोठारात गहू होता, आणि आपेनझेलच्या विणकरापुढे बंद नाके होते. हवामानाने पीक बुडविले. माणसे कोठे जगली आणि कोठे मेली, हे पुष्कळ अंशी मजुरीने, रस्त्यांनी आणि राज्यकर्त्यांच्या हुकुमांनी ठरविले. दुष्काळाचा विचार करताना आपण आभाळाकडे पाहतो ते ठीकच आहे. पण त्याबरोबर शेजारच्या गावाच्या वेशीकडेही पाहावे, इतकेच मला सांगावयाचे होते.