हट्टी सॉफ्टवेअर आणि रजिस्ट्रीची सफाई

संगणकावर एखादे सॉफ्टवेअर बसविण्यास दोन-चार मिनिटे पुरतात. ते काढून टाकताना मात्र पुष्कळदा नाकी नऊ येतात. काढण्याचा आदेश दिला, की ‘आवश्यक फाइल सापडली नाही’ असे उत्तर मिळते. किंवा प्रोग्रॅम गेल्यासारखा वाटतो आणि संगणक पुन्हा सुरू होताच त्याची खिडकी समोर उभी राहते. अशा वेळी वैतागून त्याचा फोल्डरच पुसून टाकण्याचा मोह होतो. नेमके तेच सर्वांत आधी करू नये.

रजिस्ट्री म्हणजे काय?

विंडोजच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांमध्ये प्रोग्रॅमविषयीची माहिती ‘आयएनआय’ या साध्या मजकुराच्या फाइलींमध्ये विखुरलेली असे. १९९२ मधील विंडोज ३.१ मध्ये रजिस्ट्री मर्यादित स्वरूपात आली आणि १९९५ मधील विंडोज ९५ पासून ती माहितीचे मध्यवर्ती दप्तर बनली. कोणता प्रोग्रॅम कोठे बसविला आहे, संगणक सुरू होताना काय चालवायचे, कोणती फाइल कशात उघडायची, या साऱ्याच्या नोंदी तेथे असतात. शेताचा ताबा दिला, तरी फेरफार होईपर्यंत सातबाऱ्यावरचे नाव बदलत नाही. तसेच येथेही आहे. फोल्डर पुसला, तरी दप्तरातील नोंद कायम राहते आणि विंडोज त्या नोंदीवर विसंबून नसलेली फाइल शोधत राहते.

याचे परिणाम किती गंभीर होऊ शकतात, हे २००५ मध्ये दिसले. सोनी बीएमजी कंपनीच्या काही संगीत सीडींमधून नक्कल रोखणारे सॉफ्टवेअर ग्राहकांच्या नकळत संगणकावर लपून बसत होते. मार्क रसिनोविच या तज्ज्ञाने ते उघडकीस आणले. त्याच्या ड्रायव्हर फाइली त्यांनी हाताने पुसल्या, तेव्हा संगणकातील सीडी ड्राइव्हच दिसेनासा झाला. कारण तो ड्राइव्ह चालविताना या फाइली मध्ये घ्याव्यात, अशी नोंद रजिस्ट्रीत शिल्लक होती. ती नोंद काढल्यावरच ड्राइव्ह परत आला. थोडक्यात, काय पुसावे याइतकाच कोणत्या क्रमाने पुसावे हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी तजवीज

महत्त्वाची कागदपत्रे व छायाचित्रे दुसऱ्या डिस्कवर उतरवून घ्यावीत. नंतर ‘सिस्टिम प्रोटेक्शन’ ही सोय चालू आहे का, ते पाहावे. अनेक संगणकांवर ती बंद असते. ती चालू करून ‘रिस्टोअर पॉइंट’ तयार करावा. ‘रेगबॅक’ फोल्डरमधून रजिस्ट्री परत आणता येते, असा सल्ला जुन्या लेखांत आढळतो. पण विंडोज १० च्या २०१८ मधील १८०३ या आवृत्तीपासून तेथे आपोआप प्रत ठेवणे बंद झाले आहे. डिस्कला ‘बिटलॉकर’चे कुलूप असल्यास त्याची रिकव्हरी की आधीच लिहून ठेवावी, सेफ मोडमध्ये जाताना ती विचारली जाऊ शकते.

राजमार्ग प्रथम

सेटिंग्जमधील ‘ॲप्स’ किंवा कंट्रोल पॅनेलमधील ‘प्रोग्रॅम्स अँड फीचर्स’ येथून सॉफ्टवेअर काढण्याचा प्रयत्न करावा. काढून टाकणारी फाइलच हरवली असेल, तर त्याच आवृत्तीचे सॉफ्टवेअर त्याच जागी पुन्हा बसवून मग काढावे. उफराटा वाटला, तरी हा उपाय बहुतेक वेळा लागू पडतो.

अँटीव्हायरस मात्र सहजासहजी निघत नाहीत. कोणी आपल्याला बंद पाडू नये, अशीच त्यांची रचना असते आणि त्यांचे ड्रायव्हर प्रणालीत खोलवर बसलेले असतात. अनेक अँटीव्हायरस कंपन्या स्वतःचे ‘रिमूव्हल टूल’ विनामूल्य देतात. कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावरून ते घेऊन वापरावे. येथे हातसफाई करू नये.

सेवा आणि स्वयंप्रारंभ

प्रोग्रॅम चालू असेल, तर त्याच्या फाइली पुसता येत नाहीत. म्हणून ‘टास्क मॅनेजर’मधून तो बंद करावा आणि तेथीलच ‘स्टार्टअप’ यादीतून त्याचे नाव निष्क्रिय करावे. पुढे ‘सर्व्हिसेस’ या खिडकीत त्याची सेवा आढळल्यास ती थांबवून तिचा प्रारंभ ‘डिसेबल्ड’ करावा. मायक्रोसॉफ्टचे ‘ऑटोरन्स’ हे विनामूल्य साधन संगणकाबरोबर सुरू होणाऱ्या गोष्टींची तपशीलवार यादी दाखविते. तेथे नोंद पुसण्याऐवजी तिच्यापुढील खूण काढावी. चूक झाल्यास ती पुन्हा करता येते.

एवढ्यानेही भागले नाही, तर शिफ्ट कळ दाबून धरून ‘रिस्टार्ट’ निवडावे आणि पुढील पर्यायांतून सेफ मोडमध्ये जावे. ‘विंडोज इन्स्टॉलर’ ही सेवा मात्र सेफ मोडमध्ये सहसा चालत नाही. तिच्यावर अवलंबून असलेले सॉफ्टवेअर तेथे रीतसर काढता येत नाही. म्हणून तो प्रयत्न आधीच करून घ्यावा.

सेवा बंद करून संगणक पुन्हा सुरू केला आणि सर्व सुरळीत असल्याची खात्री झाली, की मगच फाइलींकडे वळावे. ‘प्रोग्रॅम फाइल्स’, ‘प्रोग्रॅमडेटा’ आणि ‘ॲपडेटा’ या तीन ठिकाणी अवशेष असतात. शेवटचे दोन फोल्डर लपविलेले असतात. फोल्डर लगेच न पुसता त्याचे नाव बदलून दोन-तीन दिवस वाट पाहणे शहाणपणाचे.

आता रजिस्ट्री

स्टार्टच्या शोधात ‘रेजएडिट’ लिहिले, की रजिस्ट्री एडिटर उघडतो. त्यात पाच मुख्य शाखा दिसतात. आपले काम बहुतेक दोनच शाखांत असते : संपूर्ण संगणकासाठीची ‘लोकल मशीन’ आणि चालू वापरकर्त्यासाठीची ‘करंट यूजर’.

‘लोकल मशीन’मध्ये सॉफ्टवेअर, मायक्रोसॉफ्ट, विंडोज, करंट व्हर्जन, अनइन्स्टॉल अशा पायऱ्या उतरत जावे. येथील काही नोंदींना प्रोग्रॅमचे नाव असते, काहींना महिरपी कंसातील लांबलचक संकेतांक. संकेतांक पाहून अंदाज करू नये. उजव्या बाजूच्या ‘डिस्प्ले नेम’मध्ये खरे नाव असते. त्याच ठिकाणी ‘अनइन्स्टॉल स्ट्रिंग’ हा आदेश सापडतो. तो कमांड प्रॉम्प्टमध्ये चालवून पाहावा. कधी कधी एवढ्यानेच काम होते. ६४ बिटांच्या विंडोजमध्ये ३२ बिटांच्या प्रोग्रॅमसाठी ‘सॉफ्टवेअर’खालील ‘वॉव ६४३२ नोड’मध्ये अशीच दुसरी यादी असते, तीही पाहावी.

नोंद पुसण्यापूर्वी तिच्यावर माउसचे उजवे बटण दाबून ‘एक्स्पोर्ट’ निवडावे आणि प्रत जपून ठेवावी. या एडिटरमध्ये केलेला बदल तत्काळ अमलात येतो. ‘अनडू’ची सोय नाही. ठेवलेली प्रत पुन्हा आत घेतली, की पुसलेल्या नोंदी परततात. मात्र मध्यंतरी नव्याने भर पडलेल्या नोंदी त्यामुळे नाहीशा होत नाहीत.

इतर अवशेष शोधताना प्रोग्रॅमचे पूर्ण नाव द्यावे. केवळ कंपनीच्या नावाने शोधल्यास तिच्या इतर, उपयोगी सॉफ्टवेअरच्या नोंदीही समोर येतील. ‘क्लासेस रूट’ शाखा आणि ‘लोकल मशीन’मधील ‘सिस्टिम’ भाग यांना पूर्ण माहितीशिवाय हात लावू नये. पहिल्या ठिकाणी अनेक प्रोग्रॅम सामायिकपणे वापरतात असे घटक नोंदलेले असतात. दुसऱ्या ठिकाणच्या चुकीमुळे विंडोज सुरूच न होण्याची भीती असते. तसे झालेच, तर रिकव्हरीच्या पर्यायांतून आधी केलेला रिस्टोअर पॉइंट वापरावा.

सफाईची सॉफ्टवेअर वापरावीत का?

‘एका क्लिकमध्ये रजिस्ट्री स्वच्छ, संगणक वेगवान’ अशा जाहिरातींना भुलू नये. रजिस्ट्रीत लक्षावधी नोंदी असू शकतात. त्यांतील काहीशे निरुपयोगी नोंदी गेल्याने जाणवण्याजोगा वेग वाढत नाही. अशा साधनांना आपला पाठिंबा नसल्याचे मायक्रोसॉफ्टने स्पष्ट केले आहे. त्या कंपनीनेही स्वतःचे ‘विंडोज इन्स्टॉलर क्लीनअप’ हे साधन २०१० मध्ये मागे घेतले, कारण त्यामुळे इतर घटकांना इजा होऊ शकत होती. २०१७ मध्ये तर ‘सीक्लीनर’ या लोकप्रिय साधनाच्या अधिकृत आवृत्तीतच हल्लेखोरांनी घातक भाग घुसविला होता आणि ती सुमारे २२ लाख ७० हजार संगणकांवर पोहोचली होती.

मंद संगणकाचे कारण बहुधा रजिस्ट्रीत नसते. अपुरी मेमरी, भरलेली वा जुनी हार्ड डिस्क, आपोआप सुरू होणाऱ्या प्रोग्रॅमची गर्दी, ही कारणे आधी तपासावीत. रजिस्ट्रीत हात घालण्याचे प्रयोजन एवढेच, की अर्धवट निघालेले सॉफ्टवेअर नव्याच्या वाटेत येऊ नये. एखादी नोंद कोणाची हे ठामपणे सांगता येत नसेल, तर ती तशीच राहू द्यावी. बेवारस नोंद सहसा काही बिघडवत नाही. चुकीची पुसलेली नोंद मात्र चालता संगणक बंद पाडू शकते.