नाट्यगृहाच्या पाटीवरचे डॉक्टर

आपल्या सोसायटीच्या गणेशोत्सवात पहिलं नाटक झालं, तेव्हा स्टेज म्हणजे पार्किंगमध्ये जोडून ठेवलेली घराघरांतली टेबलं होती, हे जुन्या सभासदांना आठवत असेल. पडदा म्हणजे दोन चादरी. तो ओढायला ‘बी’ विंगमधले काका. पुढे हॉल झाला, खरा पडदा आला, पण दोरी काकांच्याच हातात राहिली. तालमीसाठी हॉलची किल्ली आणणं, दहावीच्या मुलांचे क्लास सांभाळून वेळा ठरवणं, माइकवाल्याला तीन-तीनदा फोन करणं, रुसलेल्या नटाच्या घरी जाऊन चहा पिऊन येणं, ही सगळी कामं त्यांची. तोंडाला रंग मात्र त्यांनी एकदाही लावला नाही.

कोविडमध्ये काका गेले. त्यानंतर आपलं नाटक झालेलं नाही. नट सगळे इथेच आहेत, हॉल आहे, पडदाही आहे. स्मरणिका समितीने मला ‘नाटकावर काहीतरी लिहा’ म्हटलं, तेव्हा काकांवरच लिहायचं ठरवलं. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, ‘लिहा, पण नाव नको. त्यांना आवडलं नसतं.’ मग मला दुसऱ्या एका माणसाची आठवण झाली. त्यांचं नाव मात्र एका नाट्यगृहावर ठळक लिहिलेलं आहे, तरी ते कोण हे फारसं कुणी विचारत नाही.

माझं लहानपण गिरगावातलं. केळेवाडीत मुंबई मराठी साहित्य संघ आहे. त्याच्या नाट्यगृहाचं नाव ‘डॉ. अ. ना. भालेराव नाट्यगृह’, आणि ज्या रस्त्यावर ते आहे तोही डॉ. भालेराव मार्ग. आम्ही मात्र ‘संघात नाटक आहे’ एवढंच म्हणायचो. भालेराव म्हणजे कुणी मोठे देणगीदार असावेत, अशी माझी समजूत होती. नोकरीनिमित्त पुण्याला येऊन कैक वर्षं झाल्यावर कळलं, की अमृत नारायण भालेराव हे गिरगावात दवाखाना चालवणारे डॉक्टर होते आणि बुडत्या मराठी नाटकाला ज्यांनी हात दिला, त्यांत ते पुढे होते.

बुडत्या म्हणण्याचं कारण असं. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीता स्वयंवर’ केलं. त्यानंतर मराठी नाटक अनेक दशकं वाढतच गेलं. नाटक कंपनी म्हणजे एक फिरतं गाव असायचं. नट, साथीदार, पडदे रंगवणारे, आचारी असं सगळं बिऱ्हाड घेऊन ती गावोगाव जायची. १९३१ साली ‘आलम आरा’ आला, १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट आला आणि हिशेबच बदलला. सिनेमाची पेटी आणली की दिवसाला तीन खेळ होतात. तिला पगार लागत नाही, जेवण लागत नाही आणि तिचा घसाही बसत नाही. थिएटरवाल्यांनी मग आपापला फायदा पाहिला. पुण्यातल्या किर्लोस्कर नाट्यगृहाचं वसंत टॉकीज झालं, ते याच ओघात. कर्जात बुडालेल्या कंपन्या एकेक करून मोडल्या. १९३५ साली तर खुद्द बालगंधर्व प्रभातच्या ‘धर्मात्मा’त दिसले.

गंमत अशी की नट होते, नाटकं होती आणि प्रेक्षकही होते. नव्हता तो या सगळ्यांना एका जागी आणणारा माणूस.

१९३५ सालीच मुंबई मराठी साहित्य संघ स्थापन झाला. डॉ. भालेराव त्याचे बिनीचे कार्यकर्ते. संस्था साहित्याची, पण नाटक हेही साहित्यच, ते नुसतं वाचून भागत नाही, या समजुतीने संघ कामाला लागला. १९४३ साली रंगभूमीला शंभर वर्षं झाली. सांगलीत शताब्दीचा सोहळा झाला आणि पाठोपाठ १९४४ साली मुंबईत संघाने नाट्यमहोत्सव भरवला. दिवस कसले होते ते पाहा. महायुद्ध चालू, धान्याला रेशन, आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये मुंबईच्या गोदीत तो भीषण स्फोट झालेला. तरीही माणसं हजारोंनी नाटकाला आली. नाटक संपलं म्हणणाऱ्यांना ते मोठंच उत्तर होतं.

खरं काम त्याच्या पुढे होतं. एक उत्सव कुणीही उत्साहात पार पाडतो, दुसऱ्या वर्षी वर्गणी मागायला जाताना पाय जड होतात. डॉक्टरांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महोत्सव वर्षामागून वर्षं चालू ठेवले. वेगवेगळ्या कंपन्यांत नावारूपाला आलेली माणसं संघाच्या नाटकांत एकत्र उभी राहू लागली. खाडिलकरांच्या ‘भाऊबंदकी’त नानासाहेब फाटक राघोबा आणि दुर्गाबाई खोटे आनंदीबाई झाल्या. १९५४ साली शिरवाडकरांनी ‘मॅक्बेथ’वरून केलेला ‘राजमुकुट’ हर्बर्ट मार्शल या इंग्रज दिग्दर्शकाने संघासाठी बसवला. १९५९ साली सुधा करमरकरांनी ‘मधुमंजिरी’ करून मुलांची रंगभूमी सुरू केली, तीही संघाच्याच आधाराने.

या सगळ्याला हक्काचं छप्पर हवं होतं. केळेवाडीतलं खुलं रंगमंच पावसाळ्यात काय कामाचं? बंदिस्त नाट्यगृह १९६४ साली उभं राहिलं. ते पाहायला डॉक्टर राहिले नव्हते. त्यांचं नाव मात्र त्याला दिलं गेलं.

आपल्या पुण्यातही असंच घडलं. बालगंधर्व रंगमंदिराची कोनशिला १९६२ साली बालगंधर्वांच्याच हस्ते बसली. पु. ल. देशपांड्यांनी या वास्तूत जातीने लक्ष घातलं. २६ जून १९६८ रोजी, बालगंधर्वांच्या जन्मदिवशी, रंगमंदिर उघडलं, पण त्याआधीच्या जुलैत बालगंधर्व गेले होते. लावणारा एक आणि सावलीत बसणारे दुसरे, हे झाडांच्या बाबतीत आपण सहज मान्य करतो. नाट्यगृहांचंही तसंच असतं.

डॉक्टर भालेरावांना या कामाचा पगार नव्हता. दवाखान्यात रोगी बसलेले असणारच, घरही असणारच. तरी नटांच्या वेळा, मैदान, तिकिटं, हिशेब हे सगळं कुणीतरी पाहायला हवं होतं, आणि ते त्यांनी पाहिलं. नाटक बंद पडतं ते नट संपले म्हणून नव्हे, असं ‘बी’ विंगच्या काकांमुळे मला पटलं होतंच, भालेरावांमुळे ते पक्कं झालं.

म्हणून एक विनंती. रौप्यमहोत्सवी वर्षात पुन्हा नाटक करावं, असं सगळेच म्हणतात. भूमिकांसाठी नावंही येतील, त्याची काळजी नाही. पण हॉलची किल्ली आणि पडद्याची दोरी सांभाळायला कुणीतरी हवं. मी माझं नाव आजच देतो. आणखी दोघं हवेत. काकांची वही काकूंनी जपून ठेवली आहे, माइकवाल्याचा नंबर तिच्यात आहे.