पाण्यावरून धावण्याचे स्वप्न आणि इंजिनाला जडवलेला पंख

१/ लहान मोटरबोटीच्या मागे लटकणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाकडे नीट पाहिले, तर काही वेळा पंख्याच्या किंचित वर, दोन्ही बाजूंना पसरलेली एक चपटी, त्रिकोणी पाती दिसते. चार बोल्टांनी बसणारी ही वस्तू इंजिनाच्या मानाने अगदीच क्षुल्लक वाटते. तिच्या मागे मात्र दीडशे वर्षांचा एक वाद उभा आहे : जहाजाने पाणी कापत जावे, की पाण्यावरून धावावे? आजचा धागा त्या वादाविषयी.

२/ प्रथम अडचण समजून घेऊ. बोट चालते तेव्हा ती स्वतःच लाटा निर्माण करते आणि वेग वाढतो तशी त्या लाटांची लांबी वाढते. एका विशिष्ट वेगाला लाटेची लांबी बोटीच्या लांबीइतकी होते. मग पुढचा भाग एका लाटेच्या माथ्यावर चढतो, मागचा भाग खोलगटीत बसतो आणि बोट जणू स्वतःच रचलेला चढ चढू लागते. १६ फुटी बोटीसाठी हा वेग ताशी अवघा १० किलोमीटरच्या आसपास असतो.

३/ या लाटांच्या प्रतिकाराचा शास्त्रशुद्ध अभ्यास विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने केला. इंग्लंडमधील टॉर्की येथे १८७० च्या दशकाच्या आरंभी त्याने एक लांब हौद उभारला आणि त्यात जहाजांच्या लहान प्रतिकृती ओढून मोजमापे घेतली. जहाज बांधण्यापूर्वी प्रतिकृतीवर त्याची परीक्षा घेण्याची आजची पद्धत याच हौदातून रूढ झाली.

४/ त्याच सुमारास, १८७२ मध्ये, ससेक्समधील रेव्हरंड चार्ल्स मीड रॅमस या धर्मोपदेशकाने ब्रिटिश नौदलापुढे एक विलक्षण प्रस्ताव ठेवला. जहाजाचा तळ सपाट पाचरींचा, पायरीसारखा करावा. म्हणजे वेग आल्यावर ते पाण्यातून वर उचलले जाईल आणि पृष्ठभागावरून घसरत धावेल. आज आपण ज्याला प्लेनिंग म्हणतो, त्याचे हे फार जुने आणि स्पष्ट वर्णन आहे.

५/ नौदलाने हा प्रस्ताव फ्रूडकडे पाठवला. त्याने प्रतिकृती ओढून पाहिल्या आणि प्रतिकूल निर्णय दिला. तेव्हाच्या बोजड वाफेच्या इंजिनांना जो वेग शक्य होता, त्या वेगाला हा आकार साध्या जहाजाहून अधिक प्रतिकार सोसत होता. फ्रूडचे गणित अचूक होते. रॅमसची कल्पनाही चुकीची नव्हती. उणीव होती ती हलक्या आणि बलवान इंजिनाची.

६/ ती उणीव पेट्रोल इंजिनाने भरून काढली. पहिल्या महायुद्धात थॉर्निक्रॉफ्ट कंपनीने तळाला पायरी असलेल्या ४० फुटी टॉर्पेडो बोटी ब्रिटिश नौदलासाठी बांधल्या. १७ जून १९१९ रोजी अशाच एका बोटीने क्रोन्श्टाटजवळ ‘ओलेग’ ही रशियन क्रूझर बुडवली. नौदलाने बाजूला ठेवलेला विचार त्याच नौदलाच्या ताफ्यात परतला होता.

७/ याच काळात दुसरा प्रवाह वाहत होता. तळच पाण्यावर घासण्यापेक्षा पाण्याखाली पंख लावून बोट उचलली तर? इटलीच्या एन्रिको फोर्लानिनीने १९०६ मध्ये माज्जोरे सरोवरावर हे करून दाखवले. दूरध्वनीचे जनक अलेक्झांडर ग्रॅहम बेल आणि त्यांचे सहकारी केसी बॉल्डविन यांनी पुढे जगप्रवासात त्या बोटीतून फेरी मारली आणि ते भारावून गेले.

८/ कॅनडातील नोव्हा स्कोशिया येथे परतल्यावर दोघांनी वर्षानुवर्षे प्रयोग केले. ९ सप्टेंबर १९१९ रोजी त्यांच्या ‘एचडी-४’ या जलपंखी बोटीने ताशी सुमारे ११४ किलोमीटरचा जागतिक विक्रम नोंदवला. तिला प्रत्येकी ३५० अश्वशक्तीची दोन इंजिने लागली होती. सामान्य माणसाच्या आवाक्यातली ही गोष्ट नव्हे.

९/ सामान्य माणसाची सोय केली ती ओले एव्हिनरूडने. नॉर्वेत जन्मलेल्या आणि अमेरिकेत वाढलेल्या या कारागिराने १९०९ मध्ये दीड अश्वशक्तीचे, सुमारे २८ किलो वजनाचे, सुटे करता येणारे इंजिन बाजारात आणले. आउटबोर्ड इंजिनाचा तो पहिला निर्माता नव्हे. पण ते घरोघरी पोहोचवण्याचे श्रेय मुख्यतः त्याचे.

१०/ या सोयीची किंमत मात्र होती. इंजिनाचे सारे वजन बोटीच्या अगदी टोकाला आले. इंधनाची टाकी आणि चालक हेही बहुधा मागेच. परिणामी वेग घेताना बोटीची पिछाडी खाली बसते, पुढचा भाग आकाशाकडे उठतो आणि चालकाला समोरचे पाणीच दिसत नाही. त्या काही क्षणांत समोर पोहणारा माणूस किंवा छोटी होडी आली, तर काय होईल, हे सांगायला नको.

११/ आता पुन्हा त्या पातीकडे येऊ. पंख्याच्या वर मुळातच एक आडवी पट्टी असते. पृष्ठभागावरची हवा पंख्याकडे खेचली जाऊ नये, हे तिचे काम. त्या पट्टीलाच ही रुंद पाती जोडली जाते. पाणी तिच्यावरून वाहताना खाली वळते, पिछाडी वर उचलली जाते आणि पुढचा भाग खाली येतो. बोट लवकर ‘प्लेन’वर येते आणि कमी वेगातही तिथे टिकते. फोर्लानिनीचा पंख इथे रॅमसच्या घसरत्या तळाच्या मदतीला येतो.

१२/ पण पंख फुकट उचलत नाही. बोट पूर्ण वेगात असताना ती पट्टी पाण्याच्या पृष्ठाच्या पातळीला यावी लागते. इंजिन खूप खाली बसवलेले असेल, तर पाती बुडालेलीच राहते, ओढ वाढते, कमाल वेग घटतो. शिवाय पुढचा भाग गरजेपेक्षा जास्त दाबला गेला, तर वळताना बोट अचानक भलतीकडे वळू शकते. म्हणून जाणकार आधी वजनाची मांडणी, इंजिनाची उंची व कोन आणि योग्य पंखा तपासतात. पट्टीला भोके पाडण्याचा विचार त्यानंतरचा.

१३/ फ्रूडचा धडाही तोच होता. कल्पना कितीही मोहक असो, तिला त्या बोटीच्या वजनाशी, वेगाशी आणि इंजिनाशी ताडून पाहावे लागते. रॅमसच्या पाचरींना १८७२ मध्ये ‘नाही’ म्हणणारे मोजमाप त्या काळापुरते खरे होते. इंजिन बदलले, आणि उत्तरही बदलले.