करंट शून्यावर येईपर्यंत

1980 चं दशक. अहमदनगरच्या नागापूर एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या स्विचगिअर रूममध्ये तुम्ही उभे आहात. ट्रान्सफॉर्मर तेलाचा वास नाकात बसलाय. बाहेर कुठंतरी केबल शॉर्ट होते आणि 11 केव्हीचा ब्रेकर धाडकन ट्रिप होतो. ब्रेकरचे संपर्क सुटताना पेटलेल्या आर्कच्या उष्णतेनं त्याच्या टाकीतलं तेल फुटून हायड्रोजन सुटलाय आणि त्यानंच आर्क थंड केलाय. उद्या नमुना काढलात तर तेल कार्बननं काळं निघेल. ते गाळा, नाहीतर बदला. आर्क विझलाच नसता, तर टाकी पेटली असती.

आणखी मागं चला. 1926, कॅलिफोर्नियातलं पासाडेना. कॅलटेकच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन आणि मेंडेनहॉल निर्वात पोकळीतल्या स्विचनं 41 केव्हीच्या आसपास 900 हून जास्त अँपिअर तोडून दाखवतात. मग नागापुरात तेल कशाला? कारण संपर्क ज्या बाटलीत बंद असतात ती वर्षानुवर्षं निर्वात राहायला हवी, आणि धातूत अडकलेला वायू हळूहळू बाहेर येतोच. तिथं घोडं अडलं ते 1960 च्या दशकापर्यंत.

आता आजच्या नागापुरात या. नगरचं अहिल्यानगर झालंय, याच वसाहतीतला एल अँड टीचा स्विचगिअर कारखाना 2020 मध्ये श्नायडरकडे गेलाय. रूममध्ये तेलाचा वास नाही. पॅनेलमध्ये तीन फेजच्या तीन निर्वात सिरॅमिक बाटल्या. फॉल्ट येतो, ब्रेकर सुटतो. इथं घड्याळ थांबवा आणि बाटलीत शिरा.

संपर्क दूर होताना शेवटचा टेकलेला ठिपका वितळतो, उकळतो, फुटतो. हवा नाही, तरी आर्क पेटलाय! जळायला दुसरं काहीच नाही म्हणून तो संपर्कांच्याच तांबे-क्रोमियमच्या वाफेवर जगतोय. वारूळ फुटल्यावर मुंग्या पळाव्यात तसे कॅथोडवर झगझगीत ठिपके पळताहेत. एकेक ठिपका शंभरेक अँपिअर पेलतो. करंट वाढला की नवे ठिपके फुटतात. दहाएक हजार अँपिअरच्या पुढं मात्र आर्क एका जागी गोळा होऊन धातू खरवडायला लागतो. त्यासाठीच संपर्कांना सर्पिल खाचा पाडलेल्या असतात. करंटचंच चुंबकीय क्षेत्र आर्कला गोल फिरवतं, एका जागी बसू देत नाही.

आपल्याकडं दर 10 मिलिसेकंदांनी करंट शून्यातून जातो. तो उतरतो तसे ठिपके एकेक करून मरतात. शून्यावर शेवटचा जातो, वाफ काही मायक्रोसेकंदांत बाटलीतल्या शील्डवर आणि संपर्कांवर गोठते, आणि सेंटीमीटरभर फट पुन्हा 11 केव्ही अडवायला मोकळी होते.

खोड एकच. करंट अगदी कमी असला, की उरलेसुरले ठिपके शून्याआधीच दगा देतात. तोडलेल्या करंटची मोटरच्या वाइंडिंगमध्ये अडकलेली ऊर्जा मग व्होल्टेजचा झटका होऊन इन्सुलेशनवर आदळते. मोटर फीडरवर सर्ज सप्रेसर असतो तो यासाठीच. जागा अडते म्हणून कुणी तो काढून ठेवला असेल, तर आजच बसवून घ्या. एचटी मोटरच्या रिवाइंडिंगचं बिल बघवत नाही.