तोंडाला पाणी कां सुटतें?

चिंचेचा नुसता उच्चार झाला कीं ऐकणाराच्या जिभेखालीं ओल जमूं लागते, ही गोष्ट घरोघरींच्या लहान मुलांनाहि ठाऊक आहे. मराठी भाषेनें तर या अनुभवाचा वाक्प्रचारच केला आणि तो मिठाईला, पैशाला, फार काय, शेजाऱ्याच्या ऐश्वर्यालाहि लावला. परंतु हें पाणी येतें कोठून आणि त्याला सुटण्याची आज्ञा कोण देतें, या दोन साध्या प्रश्नांचीं उत्तरें मिळण्यास युरोपांतील पंडितांना सुमारें अडीचशें वर्षें खर्चावीं लागलीं.

पाणी येतें कोठून, याचा उलगडा प्रथम झाला. जबड्याखालच्या लालापिंडापासून निघून जिभेखालीं उघडणारी नळी लंडनच्या थॉमस व्हार्टन या वैद्यानें इ. स. १६५६ मध्यें वर्णिली. चार वर्षांनीं नील्स स्टेनसन नांवाचा बावीस वर्षांचा डॅनिश विद्यार्थी अ‍ॅम्स्टरडॅमला ब्लासियस या अध्यापकाच्या घरीं राहून शिकत होता. त्यानें मेंढीचें डोकें विकत आणलें. त्याचें विच्छेदन करीत असतां सळई एका अज्ञात नळींत शिरली आणि पुढें सरकून दांतांवर टणकन् वाजली. कानापुढील मोठ्या पिंडाचा रस गालाच्या आंतल्या बाजूस आणून सोडणारी ती नळी होती. गुरुजींनीं प्रथम हा सळईनेंच पाडलेला भोंसका असेल म्हणून शिष्याची बोळवण केली आणि मागाहून शोध आपलाच असल्याचें जाहीर केलें! वाद बराच पेटला; पण ती नळी आजहि स्टेनसनच्याच नांवानें ओळखली जाते.

नळ्या सांपडल्या तरी लाळ म्हणजे रक्तांतून गाळून आलेलें पाणी, ही समजूत पुष्कळ काळ टिकली. झुरिच येथें कार्ल लुडविग यानें इ. स. १८५१ च्या सुमारास ती मोडली. पिंडाकडे जाणारा मज्जातंतु विजेनें चेतवितांच लाळ वाहूं लागते, एवढेंच नव्हे, तर नळींतील लाळेचा दाब धमनींतील रक्ताच्या दाबाहूनहि वर चढतो, असें त्यानें मोजून दाखविलें. नुसतें गाळून आलेलें पाणी आपल्या उगमाच्या दाबाला मागें टाकूं शकत नाहीं. तेव्हां पिंड स्वतः राबतो व मज्जातंतूच्या हुकुमानें राबतो, हें ठरलें. मज्जातंतूला हुकूम कोण देतो, हा प्रश्न मात्र उरलाच.

तो हातीं घेतला लुडविगच्याच प्रयोगशाळेंत कांहीं काळ काम केलेल्या इव्हान पावलोव्हनें. रियाझान गांवच्या धर्मोपदेशकाचा हा मुलगा शस्त्रक्रियेंत विलक्षण कुशल होता. सेंट पीटर्सबर्ग येथील त्याच्या प्रयोगशाळेंत इ. स. १८९५ मध्यें ग्लिन्स्की या सहकाऱ्यानें कुत्र्याच्या लालानळीचें तोंड गालाबाहेर आणून बसविण्याची युक्ति काढली. जखम भरून आली कीं कुत्रें नेहमींसारखें वावरे आणि लाळेचा थेंब न् थेंब मोजतां येई. मग जें दिसलें तें पाहून मोजणारेच चकित झाले. सुकें मांसचूर्ण दिलें तर लाळ पुष्कळ, ओलें मांस दिलें तर कमी. तोंडांत गारगोट्या टाकल्या तर कुत्रें त्या थुंकून मोकळें होई, लाळ एखाददुसरा थेंब. त्याच गारगोटीची वाळू करून टाकली कीं धार लागे, कारण धुतल्यावांचून वाळू निघत नाहीं. अम्ल टाकलें म्हणजे पातळ, पाण्यासारखी लाळ भराभर वाहे. जणूं पिंडालाच अक्कल आहे!

येथेंच खरी ठिणगी पडली. अम्लाला काळा रंग देऊन तें कांहीं वेळां पाजलें कीं पुढें नुसत्या काळ्या पाण्याच्या दर्शनानेंहि कुत्र्याला लाळ सुटे. हें कां व्हावें? स्नार्स्की नांवाचा सहकारी म्हणे, कुत्र्याला आठवतें, किळस येते, तें मनांत निर्णय करतें. पावलोव्हला हें मान्य होईना. कुत्र्याच्या मनांत काय आहे हें कोणीं पाहिलें आहे? मोजतां येतो तो थेंब! दोघांचें पटलें नाहीं आणि इ. स. १९०१ मध्यें आपला प्रबंध पुरा केलेला स्नार्स्की त्या वाटेवरून दूर झाला. स्नार्स्कीला वेडा ठरविणें अन्यायाचें होईल. घरीं कुत्रें पाळणारा कोणीहि मनुष्य त्याचीच बाजू घेईल. परंतु त्याच्या उत्तरांतून पुढला प्रयोग सुचत नव्हता. पावलोव्हच्या उत्तरांतून शेंकडों सुचले. इ. स. १९०३ मध्यें माद्रिद येथील वैद्यक परिषदेंत त्यानें या संपादित प्रतिक्षिप्त क्रियेचा सिद्धांत मांडला. दुसऱ्या वर्षीं त्याला नोबेल पारितोषिक मिळालें तें पचनावरील कार्याबद्दल. ही लाळेची कथा त्यानें त्या वेळच्या भाषणांत सांगितली एवढेंच.

मनुष्याची गोष्ट कुत्र्याहून थोडी निराळी आहे. स्वस्थ बसलेल्या माणसाच्या तोंडांत मिनिटाला पाव ते अर्धा मिलिलिटर लाळ येते; जिभेवर लिंबांतलें अम्ल पडलें कीं तीच सात मिलिलिटरपर्यंत चढूं शकते. मात्र लिंबू नुसतें पाहून होणारी वाढ माणसांत बेताचीच असते. पुष्कळदां तोंडांत आधींच असलेल्या लाळेकडे लक्ष जातें आणि पाणी सुटल्यासारखें वाटतें. वेग वाढला कीं लाळेंतील बायकार्बोनेट या क्षाराचें प्रमाणहि वाढतें व तो अम्लाची धार बोथट करतो. दांतांवरील कवच अम्लांत विरघळतें, तेव्हां ही धांदल निरर्थक नव्हे.

सोड्याची गोष्टहि यांतच येते. जोसेफ प्रीस्टलीनें इ. स. १७६७ मध्यें लीड्स येथें दारूच्या भट्टींतील वायु पाण्यांत मुरवून पाहिला, त्याचाच वंश पुढें गोटी सोड्याच्या बाटलींत शिरला. त्याचा झणका बुडबुड्यांच्या टोंचणीचा, अशी सर्वांची समजूत होती. परंतु उंच डोंगर चढणारे कांहीं लोक अ‍ॅसिटाझोलामाइड हें औषध घेऊं लागले, तेव्हां त्यांना फेसाळ पेयें मिळमिळीत लागलीं. बुडबुडे मात्र होते तसेच होते. हें औषध, कर्बवायूचें पाण्याशीं संयोग होऊन अम्ल बनविण्यास मदत करणाऱ्या एन्झाइमला अडवितें. इ. स. २००९ मध्यें उंदरांच्या जिभेवर हेंच एन्झाइम आंबट ओळखणाऱ्या पेशींवर बसलेलें आढळलें. म्हणजे सोडा जिभेला बऱ्याच अंशीं आंबटच लागतो, आणि लाळ सुटते ती त्याच वाटेनें.

व्हार्टनच्या नळीचा उपयोग वैद्यांना आजहि एका निराळ्या प्रसंगीं होतो. तिच्यांत कधींकधीं लहानसा खडा अडकतो. रोग्याला एरव्हीं फारसें कांहीं जाणवत नाहीं. पण लिंबाची फोड चोखली कीं पिंड रस सोडूं लागतो, वाट बंद असते, आणि जबड्याखालीं पाहतां पाहतां गोळा उठून दुखूं लागतो. डॉक्टर अशा वेळीं जिभेखालीं बोट घालून खडा चांचपतात.